वाचकांचे प्रश्न : लाडके, नावडते आणि त्यांची भावंडे

हिब्रू धर्मग्रंथातील भावंडांचे वैर आणि आईवडिलांचा पक्षपात या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. सर्वांनीच या कथा वाचलेल्या असतील असे नाही, म्हणून प्रत्येक उत्तरात कथेचा आवश्यक तेवढा भाग सांगितला आहे.

प्रश्न : उत्पत्तीच्या ग्रंथात बाप एका मुलावर उघडपणे अधिक प्रेम करतो, आई दुसऱ्यावर करते, आणि देवही बहुतेक वेळा धाकट्यालाच निवडतो. मग धर्मग्रंथाला हा पक्षपात मान्य आहे, असेच समजायचे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वाचकांनी विचारला आहे आणि त्यांचे निरीक्षण अचूक आहे. अब्राहामाचा थोरला मुलगा इश्माएल असताना वचन धाकट्या इसहाकाला मिळते, इसहाकाचा थोरला मुलगा एसाव असताना आशीर्वाद धाकट्या याकोबाकडे जातो, आणि याकोब म्हातारपणी नातवंडांना आशीर्वाद देताना हातांची अदलाबदल करून उजवा हात थोरल्या मनश्शेऐवजी धाकट्या एफ्राईमच्या मस्तकावर ठेवतो. पुढे राजा म्हणून निवडला जातो तो दावीदही इशायाचा सर्वांत धाकटा मुलगा असतो.

तरीही येथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. देवाची निवड ही एका कार्यासाठी आणि एका वचनासाठी केलेली निवड आहे, आणि जो निवडला गेला नाही त्याला ग्रंथ वाऱ्यावर सोडत नाही. इश्माएल आणि त्याची आई हागार यांना घराबाहेर काढल्यावर रानात पाणी संपते तेव्हा देव त्या मुलाचा आवाज ऐकतो, आणि त्याच्यापासून बारा सरदार आणि एक मोठे राष्ट्र निर्माण होईल हे वचन खरे ठरते. एसावाच्या वंशजांना सेईर डोंगराचा प्रदेश दिलेला आहे, त्यामुळे त्यातील पाऊलभर जमीनही तुम्हाला मिळणार नाही, असे अनुवाद नावाच्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात इस्राएल लोकांना, म्हणजे याकोबाच्या वंशजांना, बजावले आहे. ज्या ग्रंथाला एसाव केवळ तिरस्करणीय वाटला असता, त्याने ही ताकीद जपून ठेवली नसती.

आईवडिलांच्या प्रेमाची गोष्ट निराळी आहे. त्याविषयी कथनकार एका शब्दानेही निवाडा देत नाही, परंतु घटना अशा रचतो की निवाडा वाचकाच्या हाती आपोआप येतो. याकोबाने एसावाचे कपडे अंगावर चढवून आणि हातांवर करडांची कातडी गुंडाळून आपल्या आंधळ्या बापाला फसवले. पुढे त्याच याकोबाला त्याचे मुलगे लाडक्या भावाचा, योसेफाचा, झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून आणून दाखवतात आणि विचारतात, हा तुमच्या मुलाचा आहे की नाही ते ओळखा. भावाचे वस्त्र आणि मारलेले जनावर, फसवणुकीची साधनेसुद्धा तीच आहेत. या दोन प्रसंगांच्या मध्ये सासऱ्याने केलेली फसवणूक येते. राहेलऐवजी थोरली लेआ गळ्यात बांधल्यावर लाबान जावयाला सांगतो की, आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटीला देण्याची रीत नाही. थोरल्या भावाचा हक्क बळकावून पळून आलेल्या माणसाला हे वाक्य ऐकावे लागते, यात कथनकाराचे मत पुरेसे स्पष्ट होते असे मला वाटते.

प्रश्न : एसाव आणि याकोब यांची आई रिबका हिला दोष देणे अन्यायाचे नाही का? मुले पोटात असतानाच देवाने तिला सांगितले होते की थोरला धाकट्याची सेवा करील. तिने केले ते देवाचेच काम नव्हे का?

रिबकेची बाजू घेणारी भाष्यपरंपरा मोठी आणि जुनी आहे, आणि तिच्याबद्दल मला आदरच वाटतो. एका अनोळखी माणसाच्या सगळ्या उंटांना विहिरीचे पाणी काढून पाजणारी आणि परदेशी जाण्याचा निर्णय स्वतःच्या तोंडाने देणारी ही बाई आहे. परंतु तिला मिळालेल्या वाणीत काय घडणार हे सांगितले आहे. ते तू कपटाने घडवून आण, असे तीत कोठेही म्हटलेले नाही.

आपण उत्पत्तीच्या २५व्या अध्यायातील ते प्रसिद्ध वाक्य पुन्हा वाचावे. इसहाकाची एसावावर प्रीती होती, कारण त्याने शिकार करून आणलेले मांस तो खात असे, आणि रिबकेची प्रीती याकोबावर होती. बापाच्या प्रेमाला कारण दिले आहे, आणि ते कारण अगदीच क्षुल्लक आहे. आईच्या प्रेमाला कारणच दिलेले नाही. तिला मिळालेली वाणी हेच ते कारण असेल असे पुष्कळांनी मानले आहे, आणि तसे असणे शक्यही आहे. मात्र ही वाणी तिने नवऱ्याला कधी सांगितल्याचा उल्लेख नाही. मुलांविषयी हे दोघे एकमेकांशी मोकळेपणाने बोलताना कथेत कोठेच दिसत नाहीत. इसहाक एसावाशी बोलतो ते रिबका आडून ऐकते, मग ती याकोबाशी बोलते, आणि शेवटी नवऱ्याशी बोलते तेव्हा याकोबाला दूर पाठवण्याचे खरे कारण लपवून हेथी सुनांचा त्रास पुढे करते. एका तंबूत दोन घरे झालेली आहेत.

फसवणूक खरोखर आवश्यक होती का, हाही प्रश्न विचारला पाहिजे. वेषांतर करून याकोबाने जो आशीर्वाद मिळवला, त्यात आकाशाचे दहिवर, धान्य, द्राक्षारस आणि भावांवर प्रभुत्व आहे. अब्राहामाला दिलेले वचन, म्हणजे वंश आणि देश यांचा वारसा, त्यात नाही. ते वचन इसहाक २८व्या अध्यायात याकोबाला देतो, आणि तेव्हा समोर कोण उभा आहे हे त्याला पूर्णपणे माहीत असते. तेथे कातडी नाहीत आणि उसने कपडेही नाहीत. जे वचन याकोबाचेच होते ते त्याला उघडपणे मिळाले. कपटाने मिळवलेल्या आशीर्वादातून मात्र त्याला भावाचे वैर आणि परागंदा आयुष्य पत्करावे लागले.

रिबकेने मोजलेली किंमत तर फारच मोठी होती. ‘तुझा शाप माझ्यावर येवो’ असे ती याकोबाला म्हणाली होती, आणि भावाचा राग शांत होईपर्यंत थोडे दिवस लाबानाकडे राहा, असे सांगून तिने त्याला पाठवले. त्या थोड्या दिवसांची वीस वर्षे झाली. मायलेकांची पुन्हा भेट झाल्याचे ग्रंथ सांगत नाही. तिची दाई दबोरा हिच्या मृत्यूची नोंद आहे, परंतु रिबकेच्या मृत्यूची नोंद नाही. तिला मकपेलाच्या गुहेत पुरले होते हे आपल्याला कळते तेही पुष्कळ पुढे, मरणशय्येवरच्या याकोबाच्या तोंडून.

प्रश्न : योसेफाच्या भावांचा द्वेष एका झग्यापायी इतक्या थराला गेला, हे पटत नाही. त्यामागे आणखी काही होते का?

होते, आणि त्याची मुळे योसेफाच्या जन्माआधीची आहेत. झगा ही शेवटची खूण होती.

याकोबाच्या घरात दोन सख्ख्या बहिणी एकमेकींच्या सवती होत्या. राहेल आवडती होती आणि लेआ नावडती, आणि नावडतीचे मीठ अळणी या म्हणीचा अर्थ लेआइतका दुसऱ्या कोणाला क्वचितच कळला असेल. तिने पहिल्या मुलाचे नाव रऊबेन ठेवले आणि म्हणाली, देवाने माझे दुःख पाहिले आहे, आता माझा नवरा माझ्यावर प्रेम करील. दुसऱ्याच्या वेळी ती म्हणाली, मी नावडती आहे हे देवाने ऐकले, म्हणून त्याचे नाव शिमोन. तिसऱ्याच्या, म्हणजे लेवीच्या वेळी तिला वाटले, आता तरी नवरा मला जडून राहील. ही मुले मोठी होताना त्यांना हाक मारली जाई तेव्हा त्या हाकेत आईची तक्रार असे. चौथ्या यहूदाच्या वेळी मात्र तिने नवऱ्याचा उल्लेखच केला नाही, केवळ देवाची स्तुती केली. हा चौथा मुलगा आपण ध्यानात ठेवावा, कारण त्याच्याकडे पुढे परत यायचे आहे.

यानंतरचा एक प्रसंग वाचकांच्या नजरेतून बहुधा निसटतो. वीस वर्षांनी याकोब घरी परतत असताना एसाव ४०० माणसे घेऊन समोरून येतो. हल्ला होईल या भीतीने याकोब आपल्या कुटुंबाच्या रांगा लावतो. सर्वांत पुढे दासी आणि त्यांची मुले, त्यांच्यामागे लेआ आणि तिची मुले, आणि सर्वांत मागे, सर्वांत सुरक्षित जागी, राहेल आणि योसेफ. तलवार चालली तर आधी कोण मरावे याचा क्रम बापाने आपल्या मुलांच्या देखत ठरवला होता. एसावाने धावत येऊन भावाला मिठी मारली आणि दोघेही रडले, त्यामुळे अनर्थ टळला. परंतु आपण कोणत्या रांगेत उभे होतो हे त्या मुलांना विसरता आले असेल, असे मला वाटत नाही. मिठी मारणाऱ्या काकाचे मोठेपण आणि रांग लावणाऱ्या बापाचे भय त्यांनी एकाच दिवशी पाहिले.

त्यानंतर १७ वर्षांचा योसेफ भावांच्या चहाड्या बापाकडे करू लागतो, बाप त्याला पायघोळ झगा करून देतो, आणि योसेफ आपली स्वप्ने सांगतो, ज्यांत भावांच्या पेंढ्या त्याच्या पेंढीला नमन करतात आणि सूर्य, चंद्र व अकरा तारे त्याच्या पाया पडतात. भावांना त्याच्याशी धड बोलवतही नव्हते, असे ग्रंथ म्हणतो. हे सारे ठाऊक असूनही याकोब त्याला एकट्याला, कळप चारायला लांब गेलेल्या त्याच भावांकडे पाठवतो. बापाच्या नावडीचे दुःख स्वतः भोगलेल्या माणसाने आपल्या मुलांना तेच द्यावे, ही या कुळकथेतील मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. चांदीच्या वीस तुकड्यांना भावांनी योसेफाला विकले. त्याचे समर्थन करता येणार नाही, आणि ग्रंथही ते करत नाही.

प्रश्न : काइन आणि हाबेल यांच्या कथेत तर आईवडिलांचा पक्षपात नाही. तेथे देवच एकाचे अर्पण स्वीकारतो आणि दुसऱ्याचे नाकारतो. हे कसे समजून घ्यावे?

हाबेलाने कळपातील प्रथम जन्मलेली आणि पुष्ट मेंढरे आणली, तर काइनाविषयी केवळ जमिनीचे उत्पन्न आणले इतकेच म्हटले आहे. त्यामुळे हाबेलाने उत्तम तेच दिले आणि काइनाने हाताला लागले ते दिले, असा अर्थ पुष्कळ भाष्यकार करतात. तो संभवनीय आहे, पण ग्रंथ स्वतः कारण सांगत नाही, आणि कथेचा भर कारणावर नाहीच. भर आहे तो त्यानंतरच्या संभाषणावर. काइन पुढे हाबेलाचा खून करतो, पण त्यापूर्वी देव काइनाशी बोलतो, तू का संतापलास असे विचारतो, पाप दाराशी टपून बसले आहे असा इशारा देतो, आणि तू त्याच्यावर सत्ता चालवू शकशील असे सांगतो. नाकारला गेलेला माणूस पुढे काय करतो हे त्याच्या हाती आहे, हा विचार येथे प्रथम येतो. खुनानंतरही काइनाला कोणी मारू नये म्हणून देव त्याच्यावर खूण करून ठेवतो.

प्रश्न : मग या घराण्यात कोणी सुधारते का? याकोब शेवटी पक्षपात सोडतो का?

याकोब सोडत नाही. योसेफ गेल्यावर त्याचे सारे प्रेम राहेलच्या दुसऱ्या मुलाकडे, बन्यामीनकडे वळते. दुष्काळात धान्यासाठी मिसरास, म्हणजे इजिप्तला, जाताना बन्यामीनला बरोबर न्यावे लागेल असे मुलांनी सांगितल्यावर तो म्हणतो, माझा मुलगा तुमच्याबरोबर येणार नाही, कारण त्याचा भाऊ मेला आहे आणि हा एकटाच उरला आहे. समोर उभे असलेलेही त्याचेच मुलगे आहेत, त्यांच्या तोंडावर हे शब्द उच्चारले जातात.

बदल होतो तो यहूदात. योसेफाला विकण्याची कल्पना मूळची त्याचीच होती. मधल्या काळात, ३८व्या अध्यायात, त्याचे दोन मुलगे मरतात आणि तिसराही जाईल या भीतीने तो त्याला जवळ धरून ठेवतो, म्हणजे याकोबाची भीती त्याला आता स्वतःच्या अनुभवातून कळलेली आहे. तोच बन्यामीनचा जामीन होतो. इकडे मिसराचा अधिकारी झालेला योसेफ, भावांनी ओळखलेले नसताना, जुना प्रसंग जसाच्या तसा पुन्हा उभा करतो. जेवताना बन्यामीनला इतरांच्या पाचपट वाढले जाते, म्हणजे लाडक्याचा लाड डोळ्यांदेखत होतो. मग बन्यामीनच्या गोणीत चांदीचा प्याला सापडतो, आणि त्याला गुलाम म्हणून मागे ठेवून बाकीच्यांनी घरी जावे असे फर्मावले जाते. राहेलच्या मुलाला टाकून निघून जाण्याची संधी भावांना दुसऱ्यांदा मिळते, आणि या वेळी तर दोषही त्यांच्यावर येणार नसतो.

त्यावेळचे यहूदाचे भाषण ४४व्या अध्यायाच्या शेवटी आहे आणि ते वाचकांनी संपूर्ण वाचावे. तो बापाचे शब्द सांगतो : माझ्या बायकोला दोन मुलगे झाले हे तुम्हाला ठाऊकच आहे. हे वाक्य लेआचा मुलगा उच्चारतो आहे. त्या वाक्यात त्याच्या आईला बायको म्हणूनही स्थान नाही आणि त्याला मुलगा म्हणूनही नाही, आणि तरी तो ते कडवटपणा न दाखवता सांगतो, कारण त्या म्हाताऱ्याचा जीव या मुलाच्या जिवाशी जडलेला आहे हे त्याने स्वीकारले आहे. मग तो मागणी करतो की बन्यामीनऐवजी मला गुलाम करून ठेवा. योसेफाला स्वतःला आवरता येत नाही ते येथे. बापाने न्याय केला असता तर हे घर सावरणे सोपे झाले असते. तो न्याय कधी झालाच नाही, आणि ज्याच्यावर अन्याय झाला होता त्यानेच घर सावरले. यात मला आशा दिसते, पण यहूदाच्या वाट्याला ते ओझे यायलाच नको होते असेही वाटते.

सारे काही भरून आले, असा मात्र समज नसावा. याकोब मिसरात १७ वर्षे राहून मरण पावला, तेव्हा योसेफ आता सूड घेईल या भीतीने भावांनी त्याला निरोप पाठवला की, यांना क्षमा कर असे बापाने मरण्यापूर्वी सांगितले आहे. असे बापाने खरोखर सांगितल्याचा उल्लेख कोठे नाही. तो निरोप ऐकून योसेफ रडला. सतरा वर्षांच्या सहवासानंतरही क्षमेवर त्यांचा विश्वास बसलेला नव्हता.

प्रश्न : पक्षपाताविरुद्ध या ग्रंथात काही नियम आहे का? आणि नंतरच्या यहुदी गुरूंचे म्हणणे काय?

नियम आहे, आणि तो या कथांशेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे. अनुवादाच्या २१व्या अध्यायात म्हटले आहे की, एखाद्या माणसाला दोन बायका असून एक आवडती आणि दुसरी नावडती असेल, आणि ज्येष्ठ पुत्र नावडतीचा असेल, तर मालमत्ता वाटताना त्याला डावलून आवडतीच्या मुलाला ज्येष्ठ ठरवता येणार नाही, नावडतीच्या मुलालाच दुप्पट वाटा दिला पाहिजे. याकोबाचे घर डोळ्यांसमोर येते ते याचमुळे. इतिहासाच्या पहिल्या ग्रंथात रऊबेनाचा ज्येष्ठत्वाचा हक्क योसेफाच्या मुलांकडे गेल्याचे सांगितले आहे, परंतु त्याचे कारण रऊबेनाने बापाच्या उपपत्नीशी केलेला व्यभिचार हे दिले आहे, आईची नावड नव्हे. बाबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्यातील १६५व्या कलमाशी तुलना केली तर फरक उठून दिसतो. तेथे बापाने आपल्या पसंतीच्या मुलाला लेख करून शेत, बाग किंवा घर दिले असेल, तर ते त्याचेच राहते आणि उरलेल्याची भावांत समान वाटणी होते. अनुवादातील नियम ज्येष्ठाच्या वाट्यापुरता तरी बापाच्या मर्जीला बांध घालतो. दोन बहिणी एकीच्या हयातीत एकमेकींच्या सवती होऊ नयेत, असा नियमही लेवीयच्या १८व्या अध्यायात आहे.

तालमुद या यहुदी गुरूंच्या चर्चांच्या संग्रहातील शब्बाथ या भागात राव या गुरूच्या नावाने एक वचन दिले आहे : माणसाने आपल्या मुलांपैकी एकाला कधीही वेगळे काढू नये, कारण याकोबाने योसेफाला इतरांपेक्षा दोन सेला वजनाची तलम लोकर जास्त दिली, त्यामुळे भावांना हेवा वाटला आणि गोष्ट वाढत जाऊन आपले पूर्वज मिसरात गेले. एका संपूर्ण लोकसमूहाच्या गुलामगिरीचा आरंभ या गुरूंनी दोन सेला लोकरीत पाहिला, आणि तोही स्वतःच्या आदिपुरुषाचे नाव घेऊन, याचे मला मोल वाटते.

प्रश्न : दावीद राजाच्या घरातही हेच घडले का?

तेथे पक्षपाताचे रूप वेगळे होते. थोरला मुलगा अम्नोन याने सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार केला. दावीद फार संतापला, परंतु त्याने काहीही केले नाही. प्राचीन ग्रीक भाषांतरात आणि मृत समुद्राजवळ सापडलेल्या एका हस्तलिखितात याचे कारणही दिले आहे : अम्नोन ज्येष्ठ होता आणि दावीदाचे त्याच्यावर प्रेम होते. दोन वर्षांनी तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम याने अम्नोनाचा खून केला, आणि पुढे बापाविरुद्ध बंड करून तो स्वतः मारला गेला. दावीदाचा आणखी एक मुलगा अदोनीया याच्याविषयीही राजांच्या पहिल्या ग्रंथात म्हटले आहे की, तू असे का केलेस, असे विचारून बापाने त्याचे मन कधी दुखवले नव्हते. बापाच्या त्या मौनाची सर्वांत पहिली शिक्षा तामारेला भोगावी लागली. ती भावाच्या घरात उद्ध्वस्त होऊन राहिली, आणि तिच्याविषयी चर्चा फार कमी होते याचे मला दुःख आहे.

प्रश्न : परस्परांवर मनापासून प्रेम करणारी भावंडे या ग्रंथात आहेतच की नाहीत?

आहेत, आणि ती मोशेच्या घरात आहेत. टोपलीत ठेवलेल्या तान्ह्या भावावर नदीकाठी नजर ठेवणारी बहीण निर्गम या ग्रंथाच्या आरंभीच भेटते. पुढे देव मोशेला पाठवतो तेव्हा सांगतो की तुझा भाऊ अहरोन तुला भेटायला येत आहे आणि तुला पाहून त्याला मनापासून आनंद होईल. मोशे तेव्हा ८० वर्षांचा आणि अहरोन ८३ वर्षांचा होता, म्हणजे येथेही निवड धाकट्याचीच झाली होती, आणि थोरल्याला तिचा आनंद झाला होता. त्यांच्यात कधी मतभेद झालेच नाहीत असे नाही. गणना या ग्रंथाच्या १२व्या अध्यायात बहीण मिर्याम आणि अहरोन मोशेविरुद्ध बोलतात, देव काय फक्त मोशेशीच बोलला आहे, असे विचारतात, आणि मिर्यामेला कोड उठते. मोशे तिच्यासाठी अगदी थोडक्या शब्दांत प्रार्थना करतो, आणि तिला छावणीत परत घेईपर्यंत सात दिवस लोक मुक्काम हलवत नाहीत. त्यांचे आईवडील अम्राम आणि योखबेद यांनी तिघांपैकी कोणावर अधिक प्रेम केले, याविषयी मात्र ग्रंथात काहीच सांगितलेले नाही, म्हणून याकोबाच्या घराशी या घराची तुलना करताना ती बेतानेच करावी.